मुकाट निघालेली नाताळची गाणी

एकुलता एक पोरगा दिवाळीच्या तोंडावर काविळीनं गेला. त्याला मातीत ठेवून घरी आलो आणि आमच्या ह्यांनी तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. रडले नाहीत, देवाला शिव्या दिल्या नाहीत, नुसते बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसायचे. पुढं ठेवलेली भाकरी तशीच परत यायची. डॉक्टर म्हणाले, "अंगात काही नाही, मनानं घेतलंय. असंच चाललं तर अवघड आहे." अवघड म्हणे! मला काय दिसत नव्हतं? माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता.

प्रार्थना माझ्या तोंडातून निघेचना. एक नेलास, आता दुसरा तरी ठेव, एवढंच सुचायचं, आणि तेही भांडल्यासारखं. कधीकधी वाटायचं, हे गेले की आपणही जावं, सुटलो एकदाचे.

आणि अशात नाताळ आला. गारखेड्यात आमची ख्रिस्ती घरं थोडीच, पण सगळ्यांच्या दारावर कागदाच्या चांदण्या लागल्या. आमच्या नाही. चर्चच्या मंडळीतली माणसं दिवेलागणीला पेटी, ढोलकी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. पण ज्या घरात त्या वर्षी माती झाली, तिथं थांबायचं नाही, दारावरून मुकाट पुढं जायचं, असा आमच्यात रिवाज. दुखावलेल्यांना आणखी दुखवू नये म्हणून.

शेजारच्या घरी गाणं झालं, चहा झाला, हसणं-खिदळणं झालं. मग एकदम सगळं गप्प. नुसत्या चपला वाजायला लागल्या. मी दार उघडलं. पेटी मिटलेली, ढोलकी काखेत, आणि गॅसबत्ती मुद्दाम पलीकडच्या अंगाला धरलेली, आमच्या दारावर उजेड पडू नये म्हणून. ते बघून माझं टाळकंच सरकलं.

"थांबा! कुठं चाललात?"

आमच्या चर्चच्या पाळकबाई जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रास नको? तारणारा काय नुसत्या करंज्या तळणाऱ्यांच्या घरी जन्मला व्हय? अंधार माझ्या घरात हाय, आन् बत्ती तुम्ही तिकडं धरता? इथं नाय गायचं तर मग कुठं गायचं?"

सगळी गल्ली बघत होती. बघेना का! पेटीवाले म्हातारबाबा आमच्या पायरीवर बसले आणि त्यांनी भाता ओढला. पहिली ओळ कुणालाच धड उचलता आली नाही. दुसऱ्या कडव्याला माझ्या मागं बाज करकरली. हे चौकटीला धरून उभे राहिले, मग उंबऱ्यातच बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. बायका गायच्या थांबल्या.

"थांबू नका," मी ओरडले. "रडू द्या त्यांना!"

पोरगा काही परत येणार नव्हता. माझ्या पोटातला खड्डा तसाच होता, आजही आहे. गाणी संपली, माणसं डोळे पुसत पुढं गेली. मी ह्यांच्याशेजारी उंबऱ्यात टेकले. बराच वेळ हुंदके देऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं.

"दारात आलेल्या माणसांना तसंच लावून दिलंस? घोट घोट चहा तरी टाकायचा ना!"

त्यांची बोलणी मी जन्मभर खाल्ली, पण इतकी गोड कधी लागली नव्हती.