कमला आली त्या शिमग्याला

कमला शिगवणला डोकं आहे की नाही, हा प्रश्न पोफळीच्या कॉलनीत आम्हाला पहिल्यापासूनच पडलेला. आमचे नवरे वीजघरात पाळीवर जायचे आणि आम्ही तिघी, मी, सखू आणि कमला, भिंतीला भिंत लावून राहायचो. बिनलग्नाच्या पोरांचे डबे कमला करायची. भजनात तिचा आवाज सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बेसूर. पण बाई देवासमोर उभी राहिली की मला हेवा वाटायचा. आम्ही आपल्या हात जोडून, मान खाली घालून, भीत भीत मागायचो. ही माहेरच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. भाजीत मीठ जास्त पडलं तर तेसुद्धा देवीला सांगायची.

साठी जवळ आली आणि हिने स्कूटर शिकायला घेतली. दोनदा गटारात गेली, एकदा कुणाच्या तरी कुंपणात. तिचा नवरा बाबाजी गुडघे धरून बसलेला. तो म्हणाला, या वयात काय हे थेर. ही म्हणाली, तुम्ही बसा, मी येते फिरून.

तर यंदाच्या फाल्गुनात तिच्या मनाने घेतलं की पोफळीहून एकटीने निघायचं, वाटेत जेवढ्या ग्रामदेवी लागतील तेवढ्यांना नारळ ठेवायचा आणि पोफळी सोडून गेलेल्या आम्हा दोघींना, लोट्याला सखूला आणि हर्णैजवळच्या माझ्या सासरगावी मला, भेटायचं. बाबाजी म्हणाला एसटीने जा. हिचं म्हणणं, देवी काय एसटीच्या थांब्यावर बसलेली असते? निघाली. चिपळूण मागे टाकलं, परशुरामाचा घाट चढली आणि पहिला मुक्काम लोट्याला सखूकडे केला. सखूचा मुलगा तिथे कारखान्यात आहे. दोघी पोटभर बोलल्या, आणि बोलता बोलता सखूने माझं दुखणं तिच्या कानावर घातलं. सखूच्या पोटात काही राहत नाही, ते एक बरंच झालं.

दुखणं हे. आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते आणि त्या घरची बाई देवीची ओटी भरते. म्हणजे सवाष्ण असेल तर. माझे हे गेले त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून माझी सून मनस्वी मुंबईहून येते आणि ओटी भरते. गेल्या शिमग्याला मी नुसती सूप धरून तिच्या बाजूला उभी होते. वरच्या घरातली माझी थोरली जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "जने, तू आत हो." माझं अंगण, मी सारवलेलं, आणि मी आत. खिडकीच्या गजातून मी माझी देवी पाहिली आणि ढसाढसा रडले. जावेला तरी काय बोलायचं? ती स्वतः ऐन तारुण्यात विधवा झाली आणि तेव्हापासून ओटीच्या वेळी माजघरात उभी राहत आली.

यंदा मनस्वीचे दिवस भरत आलेले, माझा मुलगा प्रमोद तिला सोडून येणार नाही. म्हणजे जावेची सून येऊन माझ्या घरची ओटी भरणार आणि मी पुन्हा गजाआड. माझं डोकं फिरलं. ठरवलं, घराला कुलूप लावायचं आणि खेडला बहिणीकडे जायचं. देवीसमोर बंद दार ही आमच्या गावात केवढी नाचक्की, ते मला कळत नव्हतं असं नाही. पण राग आला की मी कुणाची नाही.

पिशवी भरून पडवीत ठेवली आणि रस्त्यावर हॉर्न वाजला. बघते तर कमला. हेल्मेटवरून पदर घेतलेला, स्कूटरच्या दिव्याला जास्वंद खोचलेली. गाडी धड उभी करायच्या आधीच विचारते, पालखी आली का गो?

मला आधी कळेचना. मग हसू फुटलं ते थांबेना. तिच्या माहेरी शिमगा तेरशीचा, आमचा पौर्णिमेचा. आमच्याकडे गावागणिक दिवस वेगळा. ही बया माहेरचा हिशोब धरून माझ्या दारात हजर. बरोबर दिवशी आली असती तर तिला कुलूप दिसलं असतं. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, मी नाही चुकले, देवीनेच मला आधी पाठवलं. आणि माझ्या पिशवीवर जी फतकल मारून बसली, ती चहा हातात मिळाल्यावरच उठली.

मग जे दोन-तीन दिवस गेले त्याचं काय सांगू. वाडीतल्या पोरांसमोर मी तिच्या मागे बसून हर्णैला गेले. उतारावर मी तेहतीस कोटी देवांना हाका मारल्या आणि ती गाडी चालवता चालवता त्यातल्या गळलेल्यांची आठवण करून देत होती. संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघितला, बांगडे आणले, तिने रस्सा केला तो पोफळीच्या चवीचा. सखूला फोन लावून तिघींनी भजन म्हटलं. सखू तिकडून, आम्ही इकडून, एकीचा दुसरीला मेळ नाही. कितीतरी दिवसांनी त्या घरात मी मोठ्याने हसले. मला फार बरं वाटलं.

कमला सवाष्ण, तेव्हा माझा घोर मिटला होता. म्हटलं, ओटी तू भर, म्हणजे निदान माझ्या मैत्रिणीच्या हातची होईल. ती म्हणाली, बघू गो.

पालखी आली. ढोल, ताशा, गुलाल, अंगणात माणूस मावेना. पोरांनी पालखी नाचवून पाटावर टेकवली. देवीचं रूपं, तो चांदीचा मुखवटा, असं झळकत होतं की माझे डोळे आपोआप भरले. सूप कमलाच्या हातात होतं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सखूने लोट्याहून धाडलेला हिरवा खण. थोरली जाऊ हळूच मला म्हणाली, चल, आपण आत होऊ. मी वळलेसुद्धा.

तेवढ्यात कमला समोर आली आणि तिने सूप माझ्या हातात दिलं. म्हणाली, "मी पाहुणी आहे. ओटी घरच्या बाईने भरायची."

ढोल थांबला. सगळी माणसं दादूअण्णांकडे बघायला लागली. दादूअण्णा मानकरी, त्या त्या घराच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. जाऊ म्हणाली, असं कधी झालेलं नाही. वाटलं, सूप खाली ठेवावं आणि आत पळावं. पण आत म्हणजे कुठे, त्या गजाआड? तिथून दिसणारी देवी मी गेल्या वर्षी पाहिली होती. मी चार पावलं पुढे गेले. कुणी अडवलं असतं तर बहुतेक थांबले असते. कुणी अडवलं नाही. देवीला हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले आणि डोकं टेकलं. काय मागायचं ते आठवेचना. एवढंच म्हटलं, आले गो.

आता गाऱ्हाणं. दादूअण्णांनी ते घातलं नाही तर ओटी भरून न भरल्यासारखीच. त्यांनी टोपी नीट केली, घसा खाकरला, पुन्हा टोपी नीट केली. मग हात जोडून म्हणाले, "आई, आज जनीबाईने तुझी ओटी भरली आहे. ती गोड मानून घे आणि तिच्या लेकरांना सुखी ठेव."

"होय महाराजा," अंगण म्हणालं. त्यात कमलाचा बेसूर आवाज सगळ्यांच्या वर.

ढोल पुन्हा सुरू झाला. पोरांनी पालखी खांद्यावर घेतली. इथून पुढचं घर जावेचं. मला वाटलं ती तोंड फिरवून जाईल. ती गेली नाही. रिकाम्या सुपाकडे बघत उभी राहिली आणि मग अगदी हळू आवाजात तिने मला विचारलं, "जने, अजून एखादा नारळ आहे का गो घरात?"