वर्तमानपत्रावरचं पाऊल

बुटांच्या दुकानात काल एका बाईंनी वर्तमानपत्राचा कागद उलगडला. त्यावर पेन्सिलीने काढलेलं एक पाऊल होतं. माझी नजर तिथेच अडकली.

माझे पती कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवत. मे महिन्याच्या सुट्टीत एसटीने तालुक्यातालुक्यांत हिंडून ते उंच मुली शोधत आणि निवडलेल्या मुलीच्या पावलाचं माप असंच कागदावर घेऊन येत. कॉलेज उघडताना बूट तयार हवेत, म्हणून.

"लोक सुट्टीत आंबे आणतात, तुम्ही पाय आणता," मी म्हणायचे. ते नुसते हसत.

यंदा मेअखेरीस ते गेले. दुःखात माणूस घर आवरायला घेतो. काय टाकलं ते नंतर कळतं. मी सगळी रद्दी देऊन टाकली.

जूनमध्ये एक उंच मुलगी दारात आली. "काकू, सरांनी माझं माप नेलं होतं." मी नवा कागद पसरला आणि तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवू लागले.

"सरांनी अंगठ्यापुढे दोन बोटं जागा सोडली होती," ती हळूच म्हणाली. "म्हणाले, तू अजून वाढशील."

इतकी वर्षं ते कागद माझ्या घरात येत होते. माप कसं घेता, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.