अब्बांच्या पाट्या आणि माझं एक पान

मी पुणं सोडलं त्या दिवशी अब्बांनी बुधवार पेठेतल्या दुकानाच्या शटरवर पाटी लावली : ‘मुलगी अमेरिकेला शिकायला चालली आहे. दुकान उद्या उघडेल. चौकशी करू नये.’ साहजिकच अख्खी गल्ली चौकशीला आली. शेजारचे पुस्तकवाले कुलकर्णीकाका म्हणाले, “अहो, पण परत कधी येणार?”

“पाटी वाचता येते ना तुम्हाला?” अब्बा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

अब्बा सातवी शिकलेले. रेडिओ, मिक्सर दुरुस्त करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. पाट्या ते स्वतः रंगवतात. ‘उभे राहिल्याने काम लवकर होत नाही.’ ‘बिघाड काय, ते आम्ही सांगू. केव्हापासून, ते तुम्ही सांगा.’ कॉलेजच्या मैत्रिणी दुकानात आल्या की मला त्या पाट्यांची लाज वाटायची. कसली लाज वाटत होती कोण जाणे!

आता मी इथल्या एका राज्याच्या राजधानीत, लॅटिनो लोकांसाठी धोरण-संशोधन करणाऱ्या छोट्या संस्थेत काम करते. मेक्सिको आणि त्याखालच्या देशांतून आलेली ही माणसं शेतात, हॉटेलांच्या किचनमध्ये, बांधकामांवर राबतात आणि घरी स्पॅनिश बोलतात. त्यांच्या अडचणी शोधायच्या, नीट मांडायच्या, आमदारांपुढे न्यायच्या, हे आमचं काम. अब्बांनी फोनवर विचारलं, “म्हणजे नक्की काय दुरुस्त करतेस?”

“कायदे.”

“वेळ लागतो?”

“लागतो.”

“मग ठीक आहे.”

सर्व्हेसाठी घरोघरी फिरताना एक दहा वर्षांची मुलगी भेटली. तिला आपण लुपे म्हणू. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून दवाखान्यात हीच दुभाषी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. लुपे घाबरली आणि आईला म्हणाली, “आराम कर म्हणतात.” पुढे मावशीनं दवाखान्यात फोन करून विचारलं, खरं काय ते कळलं आणि ऑपरेशन वेळेत झालं. आई आज ठणठणीत आहे. पण लुपे मला हळूच म्हणाली, “मी खोटं बोलले, तिथं माझं नाव लिहू नका हं.” मी तिला सांगितलं, सहावीत असताना मीही बँकेत अब्बांना इंग्रजी कागद वाचून दाखवायचे आणि जे कळायचं नाही ते गाळून टाकायचे. तेव्हा कुठे ती हसली.

दवाखान्यांनी स्वतः दुभाषी द्यावा, असा कायद्याचा प्रस्ताव विधिमंडळाच्या समितीपुढे होता. आमचा रिपोर्ट जाडजूड, आणि समितीत कुणी तो उघडलेलाच नाही, असं सुनावणीच्या आदल्या दिवशी कळलं. आमच्या डायरेक्टर मारिसोलनं डोक्याला हात लावला. मी एक कोरं पान घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘दहा वर्षांच्या मुलीला आईचा आजार सांगायला लावू नये. तिला शाळा आहे.’

“हे जरा उद्धट नाही वाटत?” मारिसोलनं विचारलं.

“आमच्या पुण्यात याला सूचना म्हणतात.”

ते पान रिपोर्टच्या वर चिकटवलं. समितीच्या अध्यक्षबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग आमचा रिपोर्ट उघडला. यथावकाश कायदा झाला, आणि ऑफिसात आम्ही इतके नाचलो की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

लुपेच्या दवाखान्यानं तेच वाक्य स्पॅनिश आणि इंग्रजीत पाटीवर लिहून काउंटरमागे लावलं. मी फोटो काढून अब्बांना पाठवला, खाली मराठीत अर्थ लिहिला. उत्तर आलं : “मजकूर बरा आहे. डावा खिळा वर गेलाय.”

तुम्ही पेठेतच राहिलेले असा, नाहीतर माझ्यासारखे लांब गेलेले, मला विचारता की आता घर कुठलं. इथं रोज शंभर माणसं त्या पाटीसमोर उभी राहतात. ती वाकडी आहे हे फक्त बुधवार पेठेतून दिसलं.

शनिवारी मी हातोडी घेऊन गेले. लुपेनं पाटी धरली, मी खिळा सरळ केला. नवा फोटो पाठवला.

अब्बांनी लिहिलं, “आता वाचतील.”