मस्कतच्या शाळेतून केलेला फोन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वहिनीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी मस्कतला गणित शिकवत होते. शाळेच्या इमारतीवर मजला चढवायचं काम ऐन सत्रात काढलेलं. जिकडेतिकडे सिमेंटची धूळ. ड्रिल सुरू झालं की मी उदाहरण अर्ध्यावर सोडून नुसती उभी राहायची. शेवटी मुख्याध्यापिकांनी वर्ग एकत्र केले आणि सांगितलं, कुणाला घरी जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या.

मी गेले नाही. पनवेलला अण्णा, माझे वडील, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं वहिनी करायची. आणि मला पक्कं ठाऊक होतं — एकदा घरात पाऊल टाकलं की बिनलग्नाची लेक म्हणून ते सगळं माझ्या गळ्यात पडणार. मग कुठलं मस्कत? कुठली माझी स्वतःची खोली? घरी मी कळवून टाकलं, बांधकामामुळे सगळ्यांच्या रजा बंद आहेत.

पनवेलच्या घरी फोन नव्हता, आळीत शेजारच्या काकांकडे होता. मी दर गुरुवारी शाळेतून फोन करायची. दादा आणि काका अण्णांना खुर्चीसकट उचलून तिथे न्यायचे. त्यांची जीभ जड झाली होती, एक शब्द काढायला घाम फुटायचा. एरवी ते नुसतं ऐकायचे. त्या गुरुवारी मात्र बोलले.

"एकदा ये गं."

स्पष्ट. अगदी स्पष्ट. कामगार जेवायला गेले होते, ड्रिल बंद होतं. आणि मी काय केलं? ओरडून म्हटलं, "अण्णा, काहीच ऐकू येत नाहीये. इथे ड्रिल चाललंय."

पलीकडे ते तेच शब्द पुन्हा जुळवू लागले. मी फोन ठेवला.

पुढचा गुरुवार यायच्या आत अण्णा गेले. तेव्हा रजा मिळाली. मिळणारच होती.

तेराव्याला वहिनीने मला जवळ घेतलं. म्हणाली, "ताई, तिकडच्या आवाजात तुम्हाला ऐकू आलं नाही. एकदा ये म्हणत होते हो."

आणि मी — पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडले. वहिनीने पदराने माझे डोळे पुसले. मी पुसू दिले.