माझ्याच प्रबंधावर माझा आक्षेप

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी झालो, ही गोष्ट बरेच महिने मी ऑफिसात कुणाला सांगितली नव्हती. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. जर्सी सिटीत राहतो, शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षरसाचा पेला हातात धरून शब्बाथची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, प्रार्थना म्हणतो, शनिवारी सिनेगॉगमध्ये जातो. विद्यापीठ नदीपलीकडे, मॅनहॅटनमध्ये. प्रबंधाचा विषय मध्ययुगातले ज्यू पंडित. एका हाती तोरा हा आपला धर्मग्रंथ आणि दुसऱ्या हाती ग्रीक तत्त्वज्ञान धरू पाहणारी ही माणसे. जग कधीतरी निर्माण झाले की ते अनादी आहे, हा त्यांचा पेच. तो माझाही झाला होता. पण हे कबूल करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

ते कबूल करावे लागले काकांजवळ. काका मूळचे ठाण्याचे, ऐंशी ओलांडलेले, निवृत्त फिटर. दर रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघे धर्मग्रंथ वाचत असू. आमच्यात असा अभ्यास जोडीनेच करतात, आणि जोडीदाराचे काम एकच: आपण काही मत मांडले की त्यावर सर्वांत जड आक्षेप घ्यायचा. काका ते फार आवडीने करीत.

एका रविवारी मी ग्रीकांची बाजू मांडली. शून्यातून काहीच उपजत नाही, म्हणून जगाला आरंभ नाही, असे म्हणालो. काकांनी चष्मा काढून ठेवला.

"मग शुक्रवारी पेला हातात धरून तू काय म्हणतोस रे? देवानं सहा दिवसांत जग केलं, असंच ना? का नुसती चाल छान आहे म्हणून?"

मग त्यांनी, जरा हळूच, विचारले की ही डिग्री झाल्यावर मी इथे बसायला येणार आहे की नाही. त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. ग्रीकांना टाळून लिहिले तर प्रबंधात राम नव्हता. आणि ग्रीक खरे ठरले, तर काकांसमोर कोणत्या तोंडाने बसायचे?

मौखिक परीक्षा मे महिन्यात झाली. ती सर्वांना खुली होती. काका सूट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. जगाला आरंभ आहे की नाही, हे तर्काने सिद्ध होत नाही. म्हणून श्रद्धावान माणूस स्वतःशी अप्रामाणिक न होता आरंभ मानू शकतो, असा माझा निष्कर्ष होता. तो मी खालच्या आवाजात मांडला. आणि मग, रविवारच्या सवयीने, त्यावरचा सर्वांत जड आक्षेपही स्वतःच घेतला. सिद्ध होत नाही तर मग ही श्रद्धा म्हणजे आजोबांकडून आलेली एक सोय, दुसरे काय? हे मात्र मी इतक्या जोरात मांडले की परीक्षक एकमेकांकडे पाहू लागले. परीक्षा समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारले, मी निष्कर्ष मागे घेत आहे का?

चूक तेव्हा लक्षात आली. तिथे आपल्या मताचा बचाव करायचा असतो. मी त्याच्यावर चालून गेलो होतो. एरवी मी क्षमा मागून खाली बसलो असतो.

"नाही, मागे घेत नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे आक्षेप जोडीदार घेतो. माझा जोडीदार मागे बसला आहे, त्याला इथे बोलता येत नाही. म्हणून त्याचे काम मी केले. आता उत्तर देतो. शुक्रवारी पेला हातात घेतो तेव्हा मी पुरावा देत नाही, साक्ष देतो. साक्षीदाराने उलटतपासणी टाळायची नसते. ग्रीक माझी उलटतपासणी घेतात. मी अजून पिंजऱ्यात उभा आहे."

पुढची चाळीस मिनिटे प्रश्न येत राहिले आणि मी, आश्चर्य म्हणजे, त्यांची वाट पाहत राहिलो. प्रबंध एकही दुरुस्ती न सुचवता स्वीकारला गेला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये काकांनी माझा हात धरला. आम्हाला या दिवसापर्यंत पोचवले म्हणून देवाचे आभार मानणारी हिब्रू प्रार्थना त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता खणखणीत म्हटली. मीही तितक्याच मोठ्याने आमेन म्हणालो.

"तिसऱ्या प्रश्नाला घसरलास," ते म्हणाले. "रविवारी त्या ग्रीकाला घेऊनच ये. बघू या."

आता आमच्या टेबलावर ग्रीकांचा ग्रंथही असतो. मी तोराच्या बाजूने बोलू लागलो की जड आक्षेप हवा म्हणून काका तो उघडतात, आणि हल्ली ग्रीकांच्या बाजूने माझ्यापेक्षा चांगले भांडतात.