वळणावरचा फलक

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गुणाजी परब बोरिवली पूर्वेच्या एका गल्लीच्या वळणावर उकिडवा बसून टेप ताणत होता. टेपचं दुसरं टोक इंजिनिअर उत्तरा कर्णिक यांच्या हातात. गल्लीच्या आत पाच मजल्यांची पुनर्विकासाची इमारत उठणार होती. भिंती थर्माकोलच्या पोकळ ठोकळ्यांत काँक्रीट भरून. घर थंड राहतं, बाहेरचा आवाज येत नाही, असं जाहिरातीत छापलं होतं. मजल्यांचे स्लॅब कसे करायचे, तेवढं ठरायचं होतं.

गुणाजी सेंटरिंगवाला. फळ्या-टेकू लावून स्लॅबचा साचा उभा करायचा, एकतीस वर्षं हेच. टोळीत त्याच्याशिवाय कणकवलीकडची अकरा माणसं. जागेवर ओतलेला स्लॅब ठरला, तर सगळ्यांना दिवाळीपर्यंत काम. कारखान्यातून तयार स्लॅब आणून क्रेनने ठेवायचे ठरले, तर एकालाही नाही.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "मॅडम, थर्माकोलवर स्लॅब टेकणार कसा?"

"टेकणारच नाही, काका. मजल्यापाशी थर्माकोल कापायचा. स्लॅब आतल्या काँक्रीटवर बसतो. ओतलेला काय, तयार काय."

उत्तराबाईंना ओतलेला पसंत होता. तो भिंतीशी एकजीव होतो. बिल्डरचा माणूस सुबोध देसाई याला तयार हवा होता. दोन महिने वाचतात. वाद येऊन थांबला तो तयार स्लॅब आणणाऱ्या ट्रेलरवर. वळणावर अठरा फूट मिळाले तरच ट्रेलर आत वळणार होता.

"सोळा फूट चार इंच," गुणाजी म्हणाला. मधे मित्रमंडळाच्या फलकाचे लोखंडी खांब येत होते.

उत्तराबाईंनी वही मिटली. "संपलं मग. ओतायचा."

सुबोधने खांबाला बुटाने ठोकर मारली. "कुठल्या येड्याने गाडलाय हा इथे? यांचा गणपतीचा ट्रक तरी वळतो का?"

गुणाजी उठून उभा राहिला. "गाडलेला नाहीये, साहेब. आमच्या मंडळाचा, मीच बसवलाय. दरवर्षी गणपतीला निघतो. चार बोल्ट, दहा मिनिटांचं काम."

उत्तराबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"आणि काढला की किती?" सुबोधने विचारलं.

टेप अजून हातातच होता. गुणाजीने मोजलं. "एकोणीस."

दुपारी बाराला तयार स्लॅबच्या कागदावर सही झाली. हिशेबाने तोही बसत होता, त्यामुळे उत्तराबाईंना अडवायला कारण उरलं नव्हतं. निघताना त्या गुणाजीपाशी थांबल्या. "खोटं बोला असं मी म्हणाले नसते, काका. पण खांब निघतो का, हे कोणी विचारलंच नव्हतं."

गुणाजीने चुलतभावाला, नितेशला फोन केला. टोळीत त्याच्यानंतर तोच जुना. सगळं ऐकून नितेश म्हणाला, "तुका सांगूक कोणी सांगितला होता?"

"त्येनी येडो म्हटल्यान माका."

"मगे आता कोण झालंस?"

गुणाजीने फोन ठेवला. बाकीच्या दहा जणांना त्याने एकेक करून सांगितलं. दोघांनी गावाला जायची गाडी विचारली.

टोळीच्या फळ्या आणि टेकू प्लॉटच्या कडेला रचून ठेवले आहेत. उद्या सकाळी सातपर्यंत ते हलवायचे आहेत. आठ वाजता थर्माकोलची पहिली गाडी उतरणार आहे, आणि तिला तीच जागा दिली आहे.