मेजमावशींचा चमचा

मेजमावशींनी इस्त्री केलेल्या पांढऱ्या चादरीवर माशी बसली तर घसरून पडेल, असं आमच्या मंडळीत म्हणायचे. छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाचा मेज त्याच मांडायच्या, म्हणून मेजमावशी. द्राक्षरस बाजारचा चालायचा नाही. आदल्या शुक्रवारी काळ्या मनुका भिजवायच्या, शनिवारी घरीच उकळायच्या. मी शेजारीण, म्हणून पातेलं धरायला मला हाक मारायच्या. साखरेचा चमचा मात्र कधी माझ्या हाती दिला नाही.

म्हातारपण त्यांनी भाडेकरूच्या हिशेबानं घेतलं. दात गेले तेव्हा म्हणाल्या, "घरमालकाला जागा परत पाहिजे गं. पण लई भला हाये. सामान रस्त्यावर फेकत नाय, एकेक खोली मागून घेतो." मग कान गेले, ती दुसरी खोली. उपदेश लांबला की आम्ही चुळबुळ करायचो, त्या निवांत बसलेल्या असायच्या. त्यांचे यजमान वारले तेव्हा मात्र खोलीबिली काही म्हणाल्या नाहीत. त्या महिन्याच्या चादरीला एक चुणी राहिली, एवढंच.

पुढं एका तापात त्यांच्या तोंडाची चव गेली. हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू होताच. आणि एका रविवारी, इवला प्याला ओठाला लावला न लावला तोच मला कळलं की रसात साखरेच्या जागी मीठ पडलंय. पाळकसाहेबांनी आपला प्याला घेऊन डोळे मिटले ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. पण प्रभूचा मेज, तोंड वाकडं कोण करणार? म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून नव्या सुनांपर्यंत सगळ्यांनी गुमान गिळलं. उपासना संपल्यावर माठापाशी गर्दी झाली. मावशींनीही आपला प्याला घेतला होता, त्यांना पत्ताच नव्हता.

सांगायचं कुणी? महिला मंडळानं मला पुढं केलं. त्या घरी प्याले पुसत बसल्या होत्या. कानाशी ओरडून सांगावं लागलं, म्हणजे अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"सगळ्यांनी घेतला?"

"व्हय."

"कुणी थुंकलं नाय?"

"नाय, मावशी."

त्या बोळकं उघडून हसत सुटल्या. हसता हसता डोळे भरले, ते प्याल्याच्याच फडक्यानं पुसले. म्हणाल्या, "ही खोली मी दडवून ठेवली व्हती गं. पण घर त्याचं, त्याला ठाऊक नसंल व्हय?" मग उठल्या, चमचा आणला आणि माझ्या हातात दिला.

शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा पाळकसाहेब प्रभुभोजन घरी घेऊन गेले. मीही गेले होते. रस माझ्या हातचा होता. घोट घेऊन म्हणाल्या, "गोड झालाय."

मला राहवलं नाही. कानाशी वाकून विचारलं, "मावशी, तुम्हाला चव कुठं येते?"

"माझ्या हातचा घेताना तुम्ही आधी चाखून घेत व्हता का?"

त्याच आठवड्यात त्यांनी घर रिकामं केलं. आता शनिवारी रस मी उकळते, चमचा तोच. पण प्याले भरण्याआधी मी चाखून बघते. माझा विश्वास अजून तेवढा झालेला नाही.